वर्षाला तीन की एक? ॲनिमेशनपटांच्या गर्दीचा हिशेब

"ॲनिमेशनपट फार झालेत" ही तक्रार दर दोन-तीन वर्षांनी डोकं वर काढते. तक्रार करणारे बहुतेक ॲनिमेशनवर मनापासून प्रेम करणारेच असतात, त्यामुळे ती झटकून टाकता येत नाही. पण 'फार' कुणाच्या हिशेबाने? एकाच स्टुडिओने वर्षाला तीन काढले म्हणून, की सगळ्या जगाचे मिळून तीस झाले म्हणून? दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात कोंबले जातात आणि मग वाद संपतच नाही. ते वेगळे करून शेजारी शेजारी ठेवले, तर बाजू ठरवणं बरंच सोपं जातं. माझी बाजू आधीच सांगते: एका स्टुडिओला वर्षाला तीन म्हणजे जास्तच, जगाला तीस म्हणजे काहीच नाही.

आधी स्टुडिओच्या आत डोकावू. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ फ्रेम जातात. दीड तासाच्या चित्रपटाच्या होतात १,२९,६००. स्टॉप-मोशनमध्ये हे काम डोळ्यांना दिसतं. टेबलावर बाहुली उभी असते. तिचं कोपर केसभर वर करायचं, हात मागे घ्यायचा, फोटो काढायचा. पुन्हा कोपर, या वेळी भुवईही किंचित, पुन्हा फोटो. दिवस मावळेपर्यंत हातात येतात जेमतेम काही सेकंद. संगणकावर बाहुली नसते, पण चिकाटी तेवढीच लागते. आणि हे सगळं सुरू होण्याआधी गोष्ट स्टोरीबोर्डवर, म्हणजे चित्रांच्या क्रमवार आराखड्यावर, पुन्हा पुन्हा मोडून जोडली जाते, त्यात वर्षं जातात.

एका चित्रपटाला चार वर्षं धरा. वर्षाला एक काढणाऱ्या स्टुडिओकडे एका वेळी चार गोष्टी हातात असतात, तीन काढणाऱ्याकडे बारा. चित्रकार आणि तंत्रज्ञ वाढवता येतात. पण दुसऱ्या अंकात गोष्ट कुठे लंगडते हे ओळखणारी मुरलेली माणसं कुठल्याही स्टुडिओत मोजकीच असतात, आणि त्यांचं लक्ष बारा ठिकाणी वाटलं जातं.

ड्रीमवर्क्स या अमेरिकी स्टुडिओचं उदाहरण इथे टाळताच येत नाही. २०१० मध्ये त्यांनी तीन चित्रपट काढले आणि निभावून नेले, त्यातच 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' ही सुंदर मालिका सुरू झाली. २०१४ मध्ये पुन्हा तीन काढले, तेव्हा मात्र गणित बिघडलं. २०१५ च्या जानेवारीत कंपनीने सुमारे ५०० नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं आणि यापुढे वर्षाला दोनच, असंही सांगितलं. या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. वेळापत्रक ठरवणारे वेगळे असतात, त्याची किंमत मोजणारे वेगळे.

म्हणून 'कमी म्हणजे उत्तम' असा नियम मात्र करू नये. पिक्सारचा २०१४ मध्ये एकही चित्रपट आला नाही, कारण 'द गुड डायनासोर'ची गोष्ट जमत नव्हती. दिग्दर्शक बदलला, तारीख पुढे गेली आणि २०१५ मध्ये 'इनसाइड आउट'च्या पाठोपाठ काही महिन्यांतच तो लागला. 'इनसाइड आउट'ने ८५ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. डायनासोरला त्याच्या निम्मेही मिळाले नाहीत. जास्तीचा वेळ मिळूनही तो सावरला नाही. जिब्ली या जपानी स्टुडिओत उलटं घडलं. १६ एप्रिल १९८८ या एकाच दिवशी त्यांचे 'माय नेबर तोतोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' एकत्र प्रदर्शित झाले आणि दोन्ही आजही पाहिले जातात. २०१३ मध्येही दोन चित्रपट एकाच दिवशी आणायचं घाटत होतं. दिग्दर्शक ताकाहाता यांचा 'काग्युया' वेळेत होईना, तेव्हा जिब्लीने तारीख ढकलली, चित्रपट उरकला नाही. ही ढकलायची मुभाच महत्त्वाची. वर्षाला तीनचं वचन दिलेल्या स्टुडिओला ती परवडत नाही, कारण एक तारीख सरकली की मागच्या सगळ्या सरकतात.

आता बाहेरचा, म्हणजे एकूण गर्दीचा प्रश्न. त्यासाठी २००६ आणि २०१६ ही दोन वर्षं समोरासमोर ठेवून बघा.

२००६ मध्ये बोलक्या प्राण्यांची रांगच लागली. 'आइस एज'चा दुसरा भाग, 'द वाइल्ड', 'ओव्हर द हेज', 'बार्नयार्ड', 'ओपन सीझन', 'फ्लश्ड अवे', 'हॅपी फीट'. यातला 'द वाइल्ड' न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून जंगलात पोचणाऱ्या प्राण्यांचा. नेमकी तशीच मांडणी 'मादागास्कर'मध्ये आदल्याच वर्षी येऊन गेली होती! आर्डमन या ब्रिटिश स्टुडिओने ड्रीमवर्क्ससोबत केलेला 'फ्लश्ड अवे' नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागला आणि दोनच आठवड्यांत 'हॅपी फीट'चे पेंग्विन नाचत आले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आर्डमन आणि ड्रीमवर्क्सची भागीदारी संपली. पेंग्विनांना ऑस्कर मिळालं, पैसाही मिळाला, पण पोस्टर पाहून कुठला प्राणी कुठल्या चित्रपटातला हे सांगता येऊ नये, अशी त्या वर्षाची अवस्था होती.

२०१६ मध्येही गर्दी तेवढीच होती. तरी 'झूटोपिया' आणि 'फाइंडिंग डोरी' १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले, डोरीनंतर तीनच आठवड्यांनी आलेला 'द सीक्रेट लाइफ ऑफ पेट्स' हा पाळीव प्राण्यांचा चित्रपट ८७ कोटींवर पोचला, आणि महिन्याच्या अंतराने आलेले 'मोआना' व 'सिंग' दोन्ही ६० कोटींपलीकडे गेले. प्रेक्षक थकले असते तर हे झालं नसतं. थकवतो तो तोच तो साचा.

मात्र त्याच २०१६ ची दुसरी बाजूही पाहा. लायका या छोट्या स्टॉप-मोशन स्टुडिओचा 'कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज' ऑगस्टमध्ये लागला. बाहुल्यांनी केलेला चित्रपट आणि त्याला व्हिज्युअल इफेक्ट्ससाठीही ऑस्कर नामांकन, इतकं ते काम देखणं. जगभरातून त्याला ८ कोटी डॉलरही मिळाले नाहीत. गर्दीत मोठ्यांना फक्त खरचटतं, चेंगरतात ते लहान. एकूण संख्या कमी करा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारते: कमी करायची वेळ आली तर आधी कुणाला वगळणार? नामवंत मालिकेचा चौथा भाग तर नक्कीच वगळला जाणार नाही.

वगळला जाईल तो 'फ्लो'सारखा. लाटव्हिया या युरोपातल्या छोट्या देशाचा, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केलेला, सुमारे ३५ लाख युरोंचा. त्यात एकही संवाद नाही. एक मांजर आणि चढत जाणारं पाणी. मांजराचे कान आधी वळतात, मग नजर, मग अंग, आणि तेवढ्यावर भीती कळते. २०२५ च्या ऑस्करमध्ये या चित्रपटाने 'इनसाइड आउट २'ला मागे टाकलं. जगात असे दहा आणखी आले तरी ते मला हवेच आहेत.

घरच्या पडद्याने हिशेब आणखी गुंतवला आहे. २० जून २०२५ ला पिक्सारचा 'एलिओ' चित्रपटगृहात लागला आणि त्याच दिवशी 'के-पॉप डीमन हंटर्स' नेटफ्लिक्सवर आला. दोन्ही नव्या गोष्टी. एक चित्रपटगृहात पडला, दुसरा नेटफ्लिक्सवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला. नव्या गोष्टीची भूक शाबूत आहे, लोकांना फक्त घरी थांबायची सवय लागली आहे. पिक्सारचे 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' थेट घरी पाठवून स्टुडिओनेच ती लावली, असं माझं मत आहे.

तेव्हा बाजू ठरवताना आकडा कुणाचा आहे ते आधी पाहा. एकाच स्टुडिओचा तीनवर गेला असेल तर तक्रार रास्त आहे, अगदी जोरात करावी. सगळ्यांचा मिळून मोठा दिसत असेल, तर त्यात एकसारखे किती ते मोजा. आणि एकाच महिन्यात एक नवी गोष्ट व एक पुढचा भाग लागला, तर पहिल्या आठवड्याचं तिकीट नव्या गोष्टीचं काढा. पुढचा भाग चौथ्या आठवड्यातही सहसा मिळतो. नवीचा मात्र दुसऱ्याच आठवड्यात सकाळचा एखादा खेळ उरतो.