शुगर-फ्री च्युइंगम, पुदिना: साडेतीन स्टार

गर्भपिशवी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीही पोट ढोलासारखं टम्म. राउंडला येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न: ‘गॅस पास झाला का?’ शेवटी डॉक्टर म्हणाले, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं च्युइंगम चघळा. चघळलं की मेंदूला वाटतं जेवण आलं. लाळ सुटते, आतडी हलायला लागतात.

पाच मिनिटांत चव गायब, पुढे नुसतं रबर. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, रवंथ काय करतेस म्हशीसारखी?’ हसले तर टाके ओढले.

तिसऱ्या दिवशी पहाटे गॅस सुटला! श्रेय च्युइंगमचं की कॉरिडॉरमधल्या फेऱ्यांचं, देव जाणे. फक्त अख्खं पाकीट संपवू नका, त्यात गोडीसाठी साखरेऐवजी घातलेल्या सॉर्बिटॉलनेच उलट पोट फुगतं.