फिफ्थ व्हील हिच हिवाळ्यात कुठे ठेवावा: कव्हरमध्ये, टोनोखाली की गॅरेजात?

ऑक्टोबरअखेर कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं फिरतं घर, स्टोरेजला लावला की आम्हा मिशिगनमधल्या पिकअपवाल्यांपुढे एक प्रश्न उरतो. कॅम्पर जोडण्यासाठी ट्रकच्या बेडमध्ये (मागच्या उघड्या हौद्यात) बसवलेल्या त्या लोखंडी धुडाचं, म्हणजे फिफ्थ व्हील हिचचं, काय करायचं? पुढचे पाच-सहा महिने त्याला ओढायला काही नसतं. ट्रक मात्र रोज बाहेर पडतो आणि रस्त्यावरचं मीठ अंगावर घेऊन घरी येतो. मिठाला इथे तोटा नाही. डेट्रॉइट शहराच्या खाली अकराशे-बाराशे फुटांवर मिठाची खाणच आहे आणि तिथलं मीठ बर्फ वितळवायला रस्त्यांवर पडतं.

पहिल्या वर्षी मी सगळ्यात सोपा मार्ग धरला. ४५ डॉलरचं विनाइल कव्हर आणलं, खालून दोरी आवळली आणि मोकळा झालो. एप्रिलमध्ये कव्हर उचललं तर आतून घाम फुटल्यासारखे थेंब, आणि हँडल जागचं हलेना. हिचच्या जबड्याच्या कडांना, त्यात अडकणारा कॅम्परचा जाड खुंट, म्हणजे किंगपिन, घासून जिथला रंग उडतो नेमका तिथे, नारिंगी गंज. वरून एक थेंब आत गेला नव्हता. बेडच्या खोबणींत साचलेलं पाणी दिवसा उन्हानं वाफ होऊन वर चढत होतं आणि रात्री कव्हरच्या आतल्या बाजूला जमत होतं. मी मूळचा कोकणातला. आमच्याकडे आगोटीला कोयत्यांना तेल चोळून त्या चुलीवरच्या आढ्याला अडकवतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुणी ठेवत नाही. इथे येऊन एवढंही आठवू नये!

म्हणून कव्हर वाईट असं नाही. दोन सहलींच्या मधले आठ-पंधरा दिवस, उन्हाळ्यात, ते ठीक आहे. ॲरिझोनाकडे राहत असाल तर माझ्यापेक्षा तुम्हाला त्याचा उपयोग जास्त, कारण तिथे शत्रू ऊन आणि धूळ आहे, ओल नाही. फक्त विनाइलऐवजी हवा खेळणारं कापडी घ्या. बार्बेक्यूच्या ग्रिलचं कव्हरही चालतं आणि स्वस्त पडतं. पण ते घालून हायवेला लागू नका. फडफडणारं कापड रंगावर पॉलिश पेपरसारखं घासत राहतं, आणि पावडर कोटिंगला एकदा टवका उडाला की गंज त्याच्या आडून पसरत जातो.

टोनो कव्हर म्हणजे अख्ख्या बेडवरचं झाकण. हिचवर पाऊस-बर्फ थेट पडत नाही, खाली हवाही थोडीफार फिरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हिच दिसत नाही, हा चोरीच्या दृष्टीनं फायदाच. पण घेण्याआधी टेप घेऊन बेडमध्ये चढा. बऱ्याच हिचची उंची बेडच्या तळापासून १७-१८ इंचांच्या आसपास असते आणि बेडची खोली २०-२१ इंच. कागदावर बसतं. प्रत्यक्षात हँडल वर आलेलं असतं, किंवा हिचचं डोकं मागे कललं की त्याची कड झाकणाला लागते. दुसरं म्हणजे ओढायच्या दिवशी झाकण बाजूला व्हायला हवं. गुंडाळायचं असेल तर पाच मिनिटांचं काम. कॅबमागे पेटीत सरकणारं असेल तर ती पेटी बेडची जागा खाते, आणि आखूड बेडच्या ट्रकला ती जागा परवडणारी नसते. टेलगेटच्या फटीतून पाणी येतंच, त्यामुळे ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर फार विसंबू नका.

उरला तिसरा पर्याय, हिच काढून गॅरेजात ठेवणं. गंजाच्या बाबतीत याला तोड नाही, आणि हिवाळाभर अख्खा बेड मोकळा मिळतो. अडचण वजनाची. साधा हिचसुद्धा सहज ५०-६० किलो भरतो. आखूड बेडसाठीचा सरकणारा त्याहून बराच जड. इथे तुमचा हिच कसा बसवलाय त्यावर सगळं ठरतं. बेडमध्ये रेल असतील तर चार पिना ओढल्या की हिच सुटतो, पण रेल तिथेच राहतात. त्यांच्या खाचांत पानं आणि वाळू साचते, ती अधूनमधून काढावी लागते. ट्रक कंपनीकडूनच आलेलं पक, म्हणजे हिचचे पाय अडकवायला बेडच्या तळात दिलेली भोकं, असेल तर हँडल फिरवलं की पाय मोकळे. मात्र हिच काढल्यावर त्या भोकांत रबरी बुचं घालायला विसरू नका. आत पाणी गोठलं तर वसंतात हिच नीट खाली बसत नाही, आणि बसल्यासारखा दिसतो, ते जास्त धोक्याचं.

आम्ही नवरा-बायकोनं एकदा हातांनी उतरवून पाहिला. तिची बोटं थोडक्यात वाचली. तेव्हापासून भाड्यानं इंजिन होइस्ट आणतो आणि हिच चाकांच्या पाटावर उतरवतो. गॅरेजच्या छताच्या लाकडांना साखळी बांधायचा मोह होतो. ती लाकडं त्यासाठी नसतात. हे सगळं जमणारं नसेल आणि हिच अजून घ्यायचाच असेल, तर ॲल्युमिनिअमचे हलके हिच बघा. काही १५-१६ किलोंचेच असतात आणि एकट्या माणसाला उचलता येतात. ते गूजनेकच्या गोळ्यावर (दुसऱ्या प्रकारचे ट्रेलर जोडायला बेडच्या मधोमध असतो तो) बसतात आणि त्यांची जोडणी वेगळी असते, म्हणून तुमच्या ट्रेलरच्या फ्रेमला चालतात का ते आधी विचारून घ्या.

तेव्हा मिठाच्या राज्यात राहत असाल आणि वर्षातून दोन-चार वेळाच ओढत असाल, तर कटकट सोसून काढाच. महिन्याला दोनदा निघत असाल तर टोनो. हिवाळ्यात उन्हाकडे पळणाऱ्यांना कापडी कव्हर पुरे.

कुठलाही पर्याय घेतलात तरी आधी हिच धुवा, वाळू द्या, जुनं ग्रीज फडक्यानं पुसा. त्यात वाळू मिसळून ते कानशीसारखं झालेलं असतं. मग जबड्याला आणि पिनांना ताज्या ग्रीजचा पातळ हात. डब्ल्यूडी-४० मारून समाधान मानू नका. ते पाणी हटवतं, हिवाळाभर टिकत नाही. वरच्या प्लेटवर ग्रीजऐवजी प्लास्टिकची चकती वापरत असाल तर ती किती जाड चालते ते मॅन्युअलमध्ये बघा. जाड चकतीमुळे जबडा पुरता मिटत नाही.

कॅम्परकडचा किंगपिन मात्र बिचारा उघड्यावरच लटकत राहतो. त्याला ग्रीज लावून आम्ही वर श्रीखंडाचा रिकामा डबा चढवतो, टेपनं. डब्याला खालून एक भोक पाडलेलं असतं.