दुबईतली मराठी उपासना आणि काकूंचा डबा : २०२० पासूनचा अनुभव

दुबईत नवीन आलेली आपली पोरं नेहमी विचारतात, मराठी ख्रिस्ती उपासना कुठे असते, कोण घेतं, आपल्याला जमेल का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. मी २०२० पासून या घराशी जोडलेलो आहे त्यामुळे लॉकडाऊनमधलं पण पाहिलंय आणि आताचं पण पाहतोय.

दुबईच्या करामा भागातलं कुटुंब आहे, मूळचे आमच्या नगरकडचे. काका एका कंपनीत अकाउंट्सला, काकू नर्स, मुलगी तेव्हा सातवीत होती. नावं मुद्दाम लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. काका दीक्षित पाळक, म्हणजे चर्चनं रीतसर नेमलेले पाद्री, नाहीत हे आधीच सांगतो, कारण काही जण तीच अपेक्षा ठेवून येतात. नोकरी सांभाळून घरून जेवढी सेवा होईल तेवढी करतात, बस.

कोरोनाच्या आधी सगळे दुबईतल्याच ऊद मेथा भागात चर्चला जायचे. तिथे सेंट मेरीज आणि होली ट्रिनिटी ही दोन्ही चर्चेस शेजारी शेजारी आहेत आणि तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची म्हणून रविवारची भक्ती शुक्रवारीच व्हायची. मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, उर्दूवाले, एक मंडळी बाहेर पडतेय तोवर दुसरी दारात उभी, एवढी गर्दी. मी नाताळ सोडला तर फारसा जात नव्हतो. मार्चच्या मध्याला सगळीच प्रार्थनास्थळं बंद झाली, मग ४ एप्रिलपासून दुबईत चोवीस तासांचा लॉकडाऊन लागला, मेट्रो बंद, किराणा आणायला जायचं तरी ऑनलाइन परमिट काढायचं. आम्ही एका खोलीत सहा जण बेडस्पेसवाले, म्हणजे एकेक खाट भाड्यानं घेतलेले, दोघांची नोकरी गेलेली, माझा पगार अर्धा. त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर काका राहायचे, लिफ्टमध्ये सलाम काका एवढीच ओळख होती.

एक दिवस वॉचमनकडून निरोप आला की वरचे साहेब विचारतायत, खाली कुणी मराठी पोरं आहेत का, जेवणाचं काय चाललंय. तिथून डबा सुरू झाला. पद्धत अशी की संध्याकाळी सातला काका स्टीलचा डबा आमच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवायचे, बेल वाजवून जिन्यापर्यंत मागे जायचे आणि कुणीतरी डबा आत घेतला हे बघूनच वर जायचे. झाकणावर कागदी टेप लावून खोलीचा नंबर लिहिलेला असायचा, कारण बिल्डिंगमध्ये अशा चार खोल्या होत्या. बाहेर कुठे वाटायला ते गेले नाहीत, परमिट नाही तर जायचं नाही हे काकांचं पक्कं होतं. मी एकदा दोनशे दिरहॅम पाकिटात घालून रिकाम्या डब्यात ठेवले, दुसऱ्या दिवशी तेच पाकीट डब्यातून परत आलं. नंतर फोनवर म्हणाले की अरे इथे परवान्याशिवाय मदतीचे पैसे गोळा करता येत नाहीत, आणि आपण जे खातो त्यातलंच देतोय, त्याचे काय पैसे घ्यायचे.

जेवण म्हणाल तर साधं, वरण भात, भाजी, बाजरीची भाकरी, कधी अंडा करी. मीठ जरा कमी असतं, आमच्यातल्या दोघांची तक्रार होती, मला चाललं. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली की काकू त्या काळात हॉस्पिटलच्या ड्युटीवरून आल्या की बेडरूममध्ये एकट्याच राहायच्या, जेवणाचं ताट सुद्धा दाराबाहेर ठेवायला लागायचं. हॉलमध्ये काका आणि मुलगी झोपायचे, तिथेच तिची ऑनलाइन शाळा, तिथेच काकांचं ऑफिस. म्हणजे आम्ही ज्याला काकूंचा डबा म्हणत होतो तो बऱ्याचदा काकांनी आणि त्या बारा वर्षांच्या पोरीनं केलेला असायचा, काकू बंद दारामागून फोनवर सांगायच्या, आता फोडणी दे, आता झाकण ठेव.

आता उपासनेचं. व्हॉट्सॲपवरून कॉल इथे लागत नाही हे इथे राहणाऱ्यांना माहीत आहेच, पण त्या मार्चमध्ये झूम आणि टीम्स वापरायला परवानगी मिळाली आणि काकांनी झूमवर मराठी उपासना सुरू केली. फुकटवालं अकाउंट, म्हणजे चाळीस मिनिटं झाली की सगळे बाहेर. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, १० एप्रिलला होता, दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची भक्ती, आणि दर चाळीस मिनिटांनी नवीन लिंक. नगर, पुणे, जालना इकडचे नातेवाईक पण जोडलेले, त्यांच्याकडे घड्याळ दीड तास पुढे, काहींनी म्हणे जेवणच ठेवलं नाही. दर वेळी लिंक तुटली की मुलगी पुढची लिंक टाकायची आणि काका जिथे थांबले तिथूनच पुढे वाचायचे. माणसं गळतील असं मला वाटलेलं, पण तीन वाजता स्क्रीनवर सुरुवातीपेक्षा जास्त खिडक्या होत्या.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात माझी आजी गेली, नगरला. भारतात येणारी विमानं मार्चमध्येच बंद झालेली, जाणं शक्यच नव्हतं. अंत्यविधीला वीसच माणसं चालणार होती. मी काकांना फोन केला तेव्हा मला नीट बोलता पण येत नव्हतं, त्यांनी एवढंच विचारलं की तिकडे कब्रस्तानात फोन कोण धरणार आहे, त्याचा नंबर दे. मग माझ्या चुलत भावाला त्यांनीच झूम कसं उघडायचं ते शिकवलं. आणि त्यांनी केलं काय, तर एक मीटिंग स्वतःच्या अकाउंटवरून आणि दुसरी मुलीच्या अकाउंटवरून आधीच तयार ठेवली, पस्तिसाव्या मिनिटाला आम्हाला सगळ्यांना दुसरीकडे घेतलं, का तर माती देताना मध्येच बंद पडू नये म्हणून. भावाचा हात हलत होता, वाऱ्याचा आवाज येत होता, पाळकसाहेबांचं अर्ध ऐकू आलं नाही, पण पहिली मूठ पडल्याचा आवाज मी ऐकला. आजीनं मला वाढवलंय. तो आवाज मला ऐकायला मिळाला तो या माणसाच्या त्या दुसऱ्या लिंकमुळे.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी जेवण आणतात. त्या संध्याकाळी डब्यात पिठलं आणि सहा भाकऱ्या होत्या. खोलीत मी एकटाच ख्रिस्ती, बाकी दोन सोलापूरचे, एक तेलंगणाचा, दोन युपीचे, सगळे माझ्याभोवती बसून जेवले. आणि हे पण लिहायलाच पाहिजे की त्या सगळ्या महिन्यांत काकांनी यातल्या एकालाही धर्माबद्दल एक शब्द विचारला नाही. ७ मे पासून अडकलेल्या भारतीयांना परत नेणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हा सोलापूरच्या एकाचा कॉन्सुलेटचा फॉर्म काकांनीच भरून दिला, इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.

आता जे पटलं नाही ते. उपासना वेळेवर सुरू होत नाही, दहा पंधरा मिनिटं धरूनच चाला. प्रार्थना लांबतात, विशेषतः मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली प्रार्थना, ज्यांची दुपारची शिफ्ट असते त्यांना अवघड जातं. झूमवर एकत्र गाणं शक्य नाही, आवाज मागेपुढे होतो, मग एकट्या मुलीनं कीबोर्डवर गायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून, त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं पण तसंच. काका म्हणाले की दीक्षित पाळक नसताना ऑनलाइन देणार नाही, तेव्हा मला ते फार कडक वाटलेलं. कित्येक महिने प्रभुभोजनाशिवाय काढले आम्ही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जूनमध्ये अचानक सगळं थांबलं, डबा नाही, उपासना नाही, फक्त एक मेसेज की काही दिवस जमणार नाही. आम्ही समजलो थकले असतील. तीन आठवड्यांनी कळलं की काकूंना कोरोना झालेला, मग काकांना, आणि ती पोरगी एकटी दोघांचं करत होती, आमच्या डोक्यावर दोन मजले वर! आम्ही सहा धडधाकट माणसं खाली बसलेलो आणि आम्हाला कळू दिलं नाही. मी काकूंना फोनवर रागावून बोललो, तुम्ही आम्हाला शेजारी समजता की नाही. त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, चुकलंच बाळा. जो माणूस सगळ्यांना डबा देतो त्यानं कधीतरी दुसऱ्याचा डबा घेतला पण पाहिजे, हे मी आजही त्यांना सांगतो.

त्यानंतर बदललं. डब्याच्या पाळ्या लावल्या, मंगळवार आणि गुरुवार आमच्या खोलीकडे आले, तेलंगणावाल्याची आंबट डाळ काकांना एवढी आवडली की अजून आठवण काढतात.

सध्याचं सांगायचं तर २०२२ पासून सुट्टी शनिवार रविवार झाली त्यामुळे सगळे रविवारी ऊद मेथाला चर्चला जातात, आणि झूमची मराठी प्रार्थना बुधवारी रात्री साडेआठला असते, ती मुद्दाम बंद केली नाही कारण गावाकडची म्हातारी माणसं तिची वाट बघतात. मुलगी आता कॉलेजला आहे, लिंक अजून तीच टाकते. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा उशिरासाठी कापला. नवीन असाल, नोकरी शोधत असाल, आजारी असाल तर करामातल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो घर दाखवेल. डबा मिळाला तर धुवून परत द्या, झाकणावरची टेप मात्र काढू नका, काका त्यावरूनच ओळखतात कुणाचा कुठला ते.