बजी मस्त, दुकानदाराचा सल्ला मात्र फेल

सांगलीतल्या एका दुकानातून बजीची जोडी घेतली, नाव घेत नाही. आपल्याकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात पण हे बजी, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. पक्षी तब्येतीने एकदम छान, पिंजराही मजबूत, त्याबद्दल तक्रार नाही.

पण दुसऱ्याच दिवशी गॅलरीत कर्कश कॅक कॅक करून पिंजऱ्यात धडपडायला लागले, फोन केला तर म्हणे भूक लागली असेल, राळं वाढवा! अहो वाटी भरलेली होती. मग आईच म्हणाली बाहेर सातभाई पण बोंबलतायत बघ, आणि खरंच समोरच्या लिंबावर शिक्रा बसलेला. बसलेला शिकारी दिसला की सातभाई, बुलबुल असा खरखरीत कालवा करून त्याला हाकलायला बघतात, आणि डोक्यावरून ससाणा उडत आला तर बरेच छोटे पक्षी बारीक सीSS असा आवाज काढतात, जो नेमका कुठून येतो ते चटकन कळत नाही, म्हणजे ओरडणारा सापडत नाही. भारी ना? आता पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला चादर टाकली, लपायला आडोसा मिळाला, शांत झाले. हे विकतानाच सांगायला काय जातं ओ? पक्ष्यांना चार स्टार, सल्ल्याला एक.