रोड बाईक की ट्राय बाईक? आधी सीट ट्यूबचा अँगल बघा

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (पोहणं, ९० किमी सायकल, मग पळणं अशी ट्रायथलॉन) नाव घातलं की पहिला प्रश्न हाच, आहे ती रोड बाईक (ड्रॉप हँडलची नेहमीची रेसिंग सायकल) चालेल का ट्राय बाईक (खास ट्रायथलॉनची सायकल) घ्यायची. दुकानात कार्बन, डीप रिम वगैरे ऐकवतात पण मुख्य फरक फ्रेमच्या कोनात आहे.

रोड बाईकचा सीट ट्यूब अँगल, म्हणजे सीटखालच्या नळीचा जमिनीशी कोन, साधारण ७२ ते ७४ डिग्री, ट्राय बाईकचा ७६ ते ८०. किरकोळ वाटतं ना? पण सॅडल (सीट) बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलचा आस फिरतो तिथून) ७५ सेंमी वर असेल तर ७३ चे ७८ झाले की बूड सहा सेंमीहून जास्त पुढे सरकतं. रोड बाईकवर एअरोबारला (हँडलवरून पुढे आलेल्या दांड्यांना) कोपरं टेकवून पाठ आडवी केली की गुडघे पोटात घुसायला लागतात, मांडी आणि धडातला कोन मिटतो, आणि तसं ९० किमी दामटणं म्हणजे शिक्षाच. ट्राय बाईकवर अख्खं शरीरच बॉटम ब्रॅकेटभोवती पुढे फिरवलेलं असतं त्यामुळे खाली वाकूनही तो कोन मोकळा राहतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी डॅन एम्पफील्डने क्विंटाना रू कंपनीची सुपरफॉर्म ही ट्राय बाईक ह्याच हिशोबाने काढली, आणि दोन फ्रेम ताडून बघायला आपण जे स्टॅक-रीच (बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेमच्या हँडलकडच्या टोकाची उंची आणि आडवं अंतर) बघतो तेही त्यानेच रूढ केलं. ट्राय बाईकवरून उतरल्यावर पळायला पाय ताजे राहतात असंही सांगतात, मी तरी तेवढ्यासाठी पैसे घालणार नाही.

आता भोग. ब्रेक बाहेर बेसबारवर (मुख्य आडव्या हँडलवर), हात आत एअरोबारवर, कुत्रं आडवं आलं की आधी हात बाहेर न्या मग ब्रेक दाबा. कात्रज उतरताना किंवा रविवारच्या ग्रुप राईडला नको वाटतं हे, आणि ग्रुपमध्ये एअरोबारवर कोणी जाऊच नये. ऑलिम्पिकसारख्या ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशाने सायकल मारणं) चालणाऱ्या ट्रायथलॉनला तर ड्रॉप हँडलचीच सायकल लागते.

मधला मार्ग क्लिप-ऑनचा (रोड बाईकच्या हँडलला वरून लावायचे एअरोबार), पण नुसते बार लावून भागत नाही, सॅडल पुढे घ्यावी लागते, कधी झिरो ऑफसेट सीटपोस्ट (सॅडल मागे न नेणारा सरळ दांडा). मग हुड्स (ब्रेक लिव्हरवरची रबरी पकड) धरले की हातांवर भार येतो आणि हँडल जरा चंचल होतं, कारण फ्रेम त्या वजनासाठी बनवलेलीच नसते. ट्राय फ्रेममध्ये पुढचं चाक बॉटम ब्रॅकेटपासून जरा लांब ठेवून हे सावरलेलं असतं.

वर्षाला एखादी रेस आणि बाकी सिंहगड, ग्रुप, घाट असेल तर डोळे झाकून रोड बाईक आणि क्लिप-ऑन. एकट्याने सपाट हायवेवर तासन्‌तास ट्रेनिंग होतंय आणि फुल आयर्नमॅनचे १८० किमी डोक्यात आहेत, तरच ट्राय घ्या, आणि तीही आधी बाईक फिट (अंगाच्या मापाने सायकलची मापं काढणं) करून स्वतःचे स्टॅक-रीच कागदावर घेऊन मगच, सेलमध्ये स्वस्त मिळतेय म्हणून एक साईज मोठी उचलू नका.