‘जिताडा स्पेशल’ म्हणून आलेलं खोकं

बारा ल्युअर (गरी लावलेली नकली आमिषं), दोन वायर लीडर (दोरी आणि ल्युअर यांच्यामध्ये जोडायचा तारेचा तुकडा) आणि वर एक कप्प्यांचा डबा, सगळं मिळून १,४९९ रुपये. ‘जपानी माल, कस्टममधून सुटलेला, जिताडा-तांबोशी स्पेशल.’ रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत हे मासे गरवणाऱ्या तिघांनी मिळून मागवलं. निम्मे पैसे आधी यूपीआयने, उरलेले पार्सल दारात आल्यावर. नग मोजले तर बाराच्या बारा, म्हणजे वरवर बघता फसवणूक कुठे झालीच नाही. ती कळली पुढच्या उधाणाला. एका ल्युअरची जीभ (नाकाखालची पारदर्शक पट्टी) खडपाला लागताच निखळली, आणि ज्या एकाला मासा लागला त्याची शेपटाकडची तिकोनी (तीन आकड्यांची) गरी सरळ होऊन हातात आली.

नंतर तो माल नीट तपासला. असली खोकी अजूनही विकली जात आहेत, म्हणून काय काय सापडलं ते इथे देत आहोत.

पहिली खूण पुठ्ठ्यावरच होती. प्रत्येक कार्डावर एकाच माशाचं चित्र: लांबट हिरवं अंग, त्यावर फिकट ठिपके, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड आणि पाठीवरचा पर अगदी शेपटीजवळ. हा पाइक. कॅनडा, फिनलंड, स्वीडनकडच्या थंड गोड्या तळ्यांतला मासा. आपल्या किनाऱ्यावर तो मिळत नाही. म्हणजे हे खोकं मुळात तळ्यावरच्या पाइकवाल्यासाठी जमवलेल्या संचाची नक्कल होती, जिताड्याचं नाव त्याला इथे चिकटवलं.

‘मासा तो मासा, ल्युअर ते ल्युअर’ असं म्हणून चालत नाही. पाइक पाणवनस्पतीत दबा धरून बसतो आणि त्याचे दात सुईसारखे, म्हणून तिकडे ल्युअरच्या पुढे वायरचा लीडर लावतात. जिताड्याचे दात कानशीच्या पत्र्यासारखे बारीक असतात. दोरी तुटते ती त्या दातांवर घासून किंवा कल्ल्याच्या झाकणाची धार लागून. त्याला ४० ते ६० पौंड ताकदीचा फ्लुरोकार्बनचा (जाड प्लॅस्टिक दोरीचा) लीडर पुरतो. वायर लावली की छोटं ल्युअर नाक खाली घालून चालतं आणि त्याची हलकी थरथर मरते. ‘फुकट’ दिलेल्या त्या दोन वायर लीडरनी खाडीत फायद्यापेक्षा नुकसानच जास्त झालं असतं. तांबोशीचं प्रकरण आणखी वेगळं. ती लागली की कांदळाच्या मुळांत किंवा खडपाच्या कपारीत घुसते, तिला दोरी सोडून चालत नाही. मोकळ्या तळ्यात ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल ठेवून मासा दमवता येतो, तिथे बारीक तारेची गरी निभावते. खाडीत ड्रॅग चार किलोवर बांधलेला असतो, तिथे तीच गरी उघडते. पाइकचं अस्सल ल्युअरसुद्धा गऱ्या न बदलता खाडीत टाकू नये, नकलेचं तर बोलायलाच नको.

आता त्या बारा नगांकडे वळू. सोनाराच्या काट्यावर घातले. कार्डावर २४ ग्रॅम छापलेलं, काट्यावर १७ भरले. सात ग्रॅमचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण १५ ते ४० ग्रॅम वजन फेकण्यासाठी बनवलेल्या रॉडला १७ ग्रॅमचं ल्युअर नीट वाकवत नाही, आणि समोरून वारा असला की कास्ट (फेक) अर्ध्यावर पडते. वजन कमी भरलं की आतले छर्रे काढले किंवा लहान घातले असं समजावं. कानाशी धरून हलवा. छर्र्यांचं ल्युअर असेल तर ते मोकळे आणि ठणठणीत वाजायला हवेत. या खोक्यातली सहा ल्युअर मुकी होती.

सांधा तपासायचा उपाय स्वयंपाकघरातला. भांड्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी घ्या, ल्युअर त्यात दोन मिनिटं बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि सांधा कच्चा असेल तिथून बारीक बुडबुड्यांची रांग निघते. पाठीवरून बुडबुडे आले तर ते ल्युअर दोन-चार फेऱ्यांत पाणी पिणार. गरम पाणी म्हणजे उकळतं नव्हे. उकळत्यात चांगला नगही वाकतो.

जीभ अंगाबरोबरच ओतलेली आहे की खाचेत गोंदाने बसवली आहे ते भिंगाने कळतं. कडेला गोंदाची पिवळट रेघ दिसली की माल परत. नाकातली कडी पक्कडीने अलगद पिळून बघा. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या चांगल्या ल्युअरमध्ये बऱ्याचदा नाकापासून शेपटापर्यंत एकच तार जाते, ती फिरत नाही. यातल्या बहुतेकांची कडी स्क्रूसारखी गरागरा फिरली.

गऱ्या आणि रिंग (गरी ल्युअरला जोडणारी कडी) यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण नकली मालात पैसा तिथेच वाचवतात. गरी रिंगसकट ताणकाट्याला अडकवा, दुसरं टोक पकडीत घट्ट धरा आणि सहा किलोपर्यंत सावकाश ओढा. डोळ्यांना चष्मा हवा. आमच्या खोक्यातल्या रिंगा चार किलोलाच हसायला लागल्या. दुसरी चाचणी मिठाच्या पाण्याची: पेल्यात समुद्राचं पाणी घेऊन एक गरी रात्रभर ठेवा, सकाळी काढून दुपारपर्यंत सुकू द्या. तांबूस डाग आला तर ती गोड्या पाण्याची गरी.

बारांपैकी तीन स्पून (चमच्याच्या आकाराची धातूची ल्युअर) होते, लाल-पांढरे. हा रंग पाइकवाल्यांचा फार जुना लाडका. चांगला स्पून पितळेचा किंवा तांब्याचा, जाड. फ्रिजच्या दारावरचं चुंबक लावा. पितळेला चिकटत नाही. इथे टचकन चिकटलं, म्हणजे पत्रा लोखंडाचा, आणि गरीच्या भोकापाशी रंगाखाली गंज आधीच धरलेला.

एक गोष्ट मात्र नकलेशी संबंधित नाही आणि तरी लोक फसतात. ‘सस्पेंडिंग’ म्हणून विकलेलं ल्युअर गोड्या पाण्यात तरंगत-बुडत मध्येच थांबतं, पण समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे २० ग्रॅमच्या ल्युअरला तिथे अर्धा ग्रॅम कमी पडतो आणि ते हळूहळू वर येतं. याला विकणारा दोषी नाही. उलट तरंगत्या ल्युअरला आपण जाड गऱ्या लावल्या की ते बुडतं. रापाला कंपनीचं अकरा सेंटिमीटरचं मूळ फ्लोटर (तरंगतं ल्युअर) फक्त ६ ग्रॅमचं आहे. त्याला जाड तिकोनी गऱ्या सोसत नाहीत. गऱ्या बदलल्या की घरून निघण्याआधी बालदीत बघा, आणि बालदीत पाणी खाडीचंच घ्या.

‘बारकोड आहे म्हणजे ओरिजिनल’ हे विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर. बारकोडचे पहिले आकडे कंपनीची नोंदणी कुठल्या देशातल्या संस्थेकडे आहे तेवढंच सांगतात. माल कुठे बनला ते नाही, आणि छापून तर कोणीही घेतं. त्यापेक्षा पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर शोधा. बाहेरून आणलेल्या पाकीटबंद मालावर हे छापणं कायद्याने लागतं. ‘कस्टममधून सुटलेला’ माल असूनही यातलं काहीच नसेल, तर तो कुठून सुटला ते कळतंच.

पैसे देण्याआधी एक मागणी करा: तोच नग काट्यावर ठेवून, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो पाठवा. खरा दुकानदार कंटाळत का होईना पाठवतो. पार्सल आलं की लेबलसकट बंद खोक्यापासून उघडेपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये कुठेही न थांबवता. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट लगेच बाजूला ठेवा, कारण असली पानं रातोरात गायब होतात.

पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, त्याच दिवशी फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. माल आला पण बोगस निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, आणि खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. विकणाऱ्याचा खरा पत्ता मात्र लागतो, म्हणून तो आधीच मागून ठेवलेला बरा.

या खोक्यातून शेवटी कामाची चार अंगं निघाली: सांधा पक्का, जीभ ओतलेली, कडी न फिरणारी. त्यांना जाड रिंगा आणि खाऱ्या पाण्याच्या गऱ्या लावल्या आणि नाकाची कडी थोडी थोडी वाकवून सरळ चालतील अशी केली. लोखंडी स्पूनच्या गऱ्या काढून ते पुळणीवर कास्टिंगच्या सरावाला ठेवलेत. वायर लीडर अजून डब्यात आहेत.