ग्रामपंचायतीत लिनक्स मिंट अन् लिब्रे ऑफिस : आठ महिने रोज वापरल्यानंतर

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गट ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. दोन गावं, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मागच्या ऑगस्टमध्ये एका कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ओपन सोर्स सिस्टिम, टाकलं, मार्च एंडिंगची सगळी वसुली त्याच्यावरच काढली, म्हणून आता खात्रीनं लिहितोय.

कारण साधं होतं. मशीन जुनी, थर्ड जनरेशनची आय थ्री, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि विंडोज ११ या मशीनला बसत नाही, त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसरही साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्याच्या पुढचा लागतो. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा तर कोटेशन आणा, ठराव घ्या, आराखड्यात बसवा, आणि तेवढ्या पैशात इकडं एखाद्या गल्लीच्या नालीचं काम निघतं. सरपंच ताई म्हणाल्या, "दादा, हाच चालत असन तर चालवून पाहा, नाही चालला तर मंग पाहू."

तालुक्याला जाऊन मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली कारण आमच्याकडचं नेट एवढी मोठी फाइल एका दमात उतरू देत नाही, आणि सोबत २४० जीबीची एसएसडी घेतली. आधी बटन दाबून पाण्याचा व्हॉल्व्ह खोलून परत यावं तेव्हा कुठं डेस्कटॉप दिसायचा, आता बसेपर्यंत चालू होतो. यातलं अर्धं श्रेय एसएसडीचं आहे हे खरं, पण ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर आणि लिब्रे ऑफिसमधले (एक्सेल, वर्डच्या जागी चालणारे फुकटचे प्रोग्रॅम) कॅल्क आणि रायटर तिन्ही उघडे ठेवून काम होतं, ते मात्र मिंटमुळं.

आता खरी गोष्ट. पहिल्याच दिवशी आमच्या लिपिक दादांनी जुन्या ग्रामसभेच्या ठरावाची फाइल उघडली आणि पानभर नुसती एबीसीडी. 'ग्राम' असायला पाहिजे तिथं एक्स, झेड, के, ई. दादांचा चेहराच उतरला, "काहून बावा, पंधरा वर्षाचं रेकॉर्ड गेलं का?" गेलं काहीच नव्हतं. आमच्याकडं सगळं क्रुतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, आणि क्रुतीदेवमध्ये आत साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षरच, फक्त फॉन्ट त्याच्यावर मराठी चित्र दाखवतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फॉन्टची फाइल आणून इकडं टाकली आणि ठराव जसाच्या तसा दिसला.

तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण त्या दिवशी लक्षात आलं की आपलं रेकॉर्ड मराठीत नाहीच, मराठीसारखं दिसतंय एवढंच. नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीची, यादी एक्सेलमध्ये होती, ती नावानं लावली की मडावी आधी, मग आत्राम, आणि गेडाम त्याच्याही खाली, कारण क्रुतीदेवमध्ये म म्हणजे ई, आ ची सुरुवात व्ही ने आणि ग म्हणजे एक्स. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो की एक्सेलला मराठी जमत नाही. एक्सेलचा काही दोष नव्हता.

मग ठरवलं की सगळं युनिकोडमध्ये आणायचं, त्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. कन्व्हर्टरनं बरंचसं होतं पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. क्रुतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफाराचं याच्या बरोबर उलट, त्यामुळं जिथं जोडाक्षर आणि वेलांटी एकत्र आली तिथं नावं मोडली. वऱ्हाडे, कऱ्हाळे ही आडनावं तर प्रत्येक ठिकाणी हातानं दुरुस्त करावी लागली. कराच्या नोंदवहीत नाव चुकलं की उद्या घरकुलाच्या फाइलमध्ये तो माणूस अडकतो, म्हणून कागदी रजिस्टर बाजूला ठेवून एक जण वाचणार आणि एक जण पाहणार असं दोन महिने रोज संध्याकाळी केलं. मेहनतीचं काम आहे, पण करण्यासारखं आहे.

टायपिंगचं म्हणाल तर माझा हात इनस्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटवर आहे, ते मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधूनच लागतं. दादा जुने रेमिंग्टनवाले, म्हणजे टाइपरायटरच्या लेआउटचे, त्यांच्यासाठी आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये हिंदीचा रेमिंग्टन लेआउट लावला, काही अक्षरं वेगळ्या जागी आहेत म्हणून पंधरा दिवस चिडचिड झाली त्यांची. आता सरळ टाइप करतात.

मागच्या महिन्यात एक आजोबा नमुना ८ चा उतारा मागायला आले. मालमत्ता क्रमांक आठवत नव्हता, पावती हरवलेली. आधी असं कोणी आलं की रजिस्टर काढून पान पान पाहायचो, माणूस दुपारपर्यंत ओसरीवर बसायचा, मे महिन्याच्या उन्हात. या वेळी नाव टाइप केलं, तीन जण निघाले, वडिलांचं नाव विचारलं, उतारा प्रिंट करून सही शिक्क्यासकट हातात दिला. "झालं बी?" म्हणाले. लिब्रे ऑफिससाठी मला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको.

बाकी त्रास झाले ते पण सांगतो. वरच्या ऑफिसला ओडीएस फाइल (कॅल्कची स्वतःची) पाठवली तर "हे काय पाठवलं, उघडत नाही" म्हणून फोन आला. मग सेटिंगमध्ये कायमचं एक्सेल, वर्डचं एक्सएलएसएक्स आणि डॉक्सएक्स करून टाकलं, फक्त पाहायचं असेल तर पीडीएफ. तिकडून मंगल फॉन्टमधला तक्ता आला की इकडं ओळी खालीवर सरकतात, कारण तो फॉन्ट मिंटमध्ये नसतो. जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर मिळवण्यात पूर्ण रविवार गेला. मात्र झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह फिरवून आणला की व्हायरसनं सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट व्हायचे, तो वैताग इकडं संपला. लाईन तर आमच्याकडं केव्हाही जाते, युपीएसची बॅटरी दोन मिनटं टिकते, म्हणून लिब्रे ऑफिसमध्ये ऑटो रिकव्हरी ५ मिनटांवर ठेवा, मार्चमध्ये त्यानं दोनदा वाचवलं.

आणि दुसरा कॉम्प्युटर विंडोजवरच का ठेवला? डीएससी, म्हणजे डिजिटल सही. ई ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरचं पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल सहीशिवाय होत नाही, आणि आमच्या टोकनसोबत (सही साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) जे सॉफ्टवेअर मिळालं ते विंडोजचंच. अंगठा लावायच्या मशीनचं पण तेच. मी बराच प्रयत्न केला, पण गावाच्या पैशाच्या व्यवहारावर प्रयोग करणं मला पटलं नाही. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण काढलंय. मग गावपातळीवर रोज लागणारी सही आणि अंगठा एकाच कंपनीच्या सिस्टिमवर का अडून राहावा, हे मला मनापासून खटकतं. जर्मनीतल्या म्युनिक शहराचं उदाहरण लोक देतात, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवलं. पण तिथंही काही खात्यांचे खास प्रोग्रॅम विंडोजलाच बांधलेले होते. दुसरीकडं केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सच चालतंय.

तर कोणाला करायचं असेल तर आधी आपल्या फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते पाहा, सिस्टिम नंतर बदला. कन्व्हर्ट करण्याआधी मूळ फाइलची कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा. आमची दुसऱ्या गावाची वॉर्ड ३ ची यादी अजून तपासायची राहिलीय, पेरणी सुरू व्हायच्या आत ती संपवायची आहे, कारण मग नाव विचारायला घरी कोणी सापडत नाही.